गोडपाला आणि चौदा भंते

अरण्यविहार, डोंगरमाथा, जिल्हा लोए
१९ फेब्रुवारी, बुद्धसंवत २५२७

उपासिका बुन्होम हिला आशीर्वाद.

चीवर अंगावर घेऊन आज बेचाळीस दिवस झाले. दिवस मोजू नयेत, असं थोरले भंते सांगतात, म्हणून मी फक्त सकाळी एकदाच मोजतो. प्रकृती ठीक आहे. डोक्याचा गोटा झाल्यापासून डासांना मोकळं मैदान मिळालंय, आणि डास मारायचा नाही. नुसतं म्हणायचं, चावतोय, चावतोय.

जेवण दिवसातून एकदा, सकाळी नऊला. इथली माणसं श्रद्धाळू आहेत, पण हाताला चव नाही. पात्रात डब्यातले मासे पडतात, पाकिटातल्या शेवया पडतात. विहाराची व्यवस्था सोम्फोप साहेब पाहतात. बँकॉकच्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, मनाचे फार चांगले. पण आंबवलेल्या माशाची बरणी उघडली की नाक धरून खालच्या पायरीवर जाऊन बसतात. आता आंबवलेला मासा नाही तर आमटीत घालायचं काय? ते साखर घालतात.

हेही सोसलं असतं. पण माझ्या कुटीच्या दारात, हात लांबवला तर पोचेल इतक्यावर, गोडपाल्याची तीन-चार झाडं आहेत. विहाराचं रान म्हणून कोणी हात लावत नाही, त्यामुळे माजलीत नुसती. कोवळे पोपटी शेंडे फुटलेत. आणि भिक्षूने हिरवं पान तोडायचं नाही. चुरगळायचं नाही, मोडायचं नाही, दुसऱ्याला ‘तोड’ म्हणूनही सांगायचं नाही. ध्यानात लक्ष श्वासावर ठेवायचं असतं. माझं शेंड्यांवर असतं.

भिक्षूने कोणाकडे खायला मागू नये, फक्त रक्ताच्या नात्याकडे मागितलेलं चालतं, असा नियम आहे. मी काही मागत नाही. नातं किती जवळचं आहे, एवढीच आठवण करून देतो.

आई कशी आहे?

भिक्षू सीथोन


बान खाम
२७ फेब्रुवारी

भंतेंच्या चरणी त्रिवार वंदन.

झालं वंदन. आता ऐक, सीथोन.

आशीर्वाद म्हणे मला! तुझा शेंबूड पुसलाय या हातांनी. भंते म्हणून तुझ्यापुढे गुडघे टेकते ते चिवरासमोर, आतल्या ऐवजासमोर नाही, हे ध्यानात ठेव.

विसाव्या वर्षी चीवर घ्यायच्या दिवशी तू काय केलंस ते गाव विसरलेलं नाही. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं, ढोल वाजतोय, आई पुढे उशी आणि चटई घेऊन नाचतेय, आणि विहाराच्या फाटकाशी बघतो तर नवरदेव गायब. गाण्याच्या फडाबरोबर पळालास! मुलगा भिक्षू झाला की आई त्याच्या चिवराचा काठ धरून स्वर्गात जाते. आपल्या आईने सत्तावीस वर्षं मूठ उघडी ठेवली, काठ हाताला लागेना. शेवटी बायकोने घराबाहेर काढलं तेव्हा तुला वैराग्य आलं. येऊ दे, कसंही का येईना. पण एक अख्खा वर्षावास पुरा झाल्याशिवाय या पुण्याला पीक येत नाही, आणि वर्षावास जुलैत लागतो. तोवर शेंड्यांकडे बघू नकोस, चीवर अंगावर ठेव.

गावाने तुझ्यावर पैजा लावल्यात. सरपंच म्हणतात एप्रिलात नवं वर्ष लागायच्या आत विजार घालून येईल. बाकीचे म्हणतात त्याच्याही आधी. तुझ्या बाजूने एकटी आई आहे. अंडी देणारी कोंबडी लावलीये तिने.

गोडपाला टपालाने पाठवायचा नसतो, तोडल्या दिवशी खायचा असतो. म्हणून पत्रातूनच वाढते. काल उजाडायच्या आत ओढ्यापलीकडच्या रानात गेले. रानरक्षकांनी यंदा पाचोळा पेटवायला बंदी केलीये, तरी कोणीतरी पेटवलाच होता, आग लागून गेली की पाला फुटतो म्हणून. काळ्या जमिनीवर झाडं अशी पोपटी झालेली! आकडीने फांद्या वाकवून टोपली भरली. जांभळावरचं तांबड्या मुंग्यांचं घरटं बांबूने भोसकलं, पांढरी टपोरी अंडी पाण्यात झाडून घेतली. पाण्याला उकळी, त्यात ठेचलेली मिरची, कांदा, धुरातला मासा, आंबवलेल्या माशाचं पाणी. मग पाला, आणि उतरवताना अंडी. दाताखाली फुटतात ती. चिकट भाताचा मुटका बुडवला आणि खाल्ला. तुझी आठवण काढली. वाईट अजिबात वाटलं नाही.

आणि हे नीट वाच. झिंगपाला हा गोडपाल्याचा जुळा भाऊ, दोघं एकाच रानात शेजारी उगवतात. पान मुठीत आवळायचं. कडकड मोडलं तर खरा. नुसतं दुमडून लोळागोळा झालं तर झिंगपाला, माणूस गरगरतो, ओकतो, कधी उठतही नाही. आई म्हणते, पाला डोळ्याला विचारू नये, मुठीला विचारावा. तू डोळ्याला विचारणारा आहेस.

आई बरी आहे. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘माझा भंते’ सांगत असते. पाला हल्ली मीच निवडते, ती नुसती बघते.

बुन्होम


अरण्यविहार
१४ मार्च

उपासिका बुन्होम हिला आशीर्वाद, आणि तिच्या जिभेला क्षमा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मुंग्यांच्या अंड्यांचा परिच्छेद सातदा. असं पत्र भिक्षूला लिहिणं हे पाप आहे की नाही, हे मी थोरल्या भंतेंना विचारणार होतो, पण मग त्यांना वाचून दाखवावं लागलं असतं.

आता एक गंमत सांगतो. नियम करणारे बुद्ध दयाळू होते. भिक्षूने ‘हे तोड’ म्हणायचं नाही. पण गरजेपुरतं ‘उपासका, हे जाणून घे’ एवढं म्हणायची वाट आहे. मग उपासकाने जे जाणलं, त्याचं तो काय करतो ते त्याचं तो. परवा संध्याकाळी मी सोम्फोप साहेबांना कुटीच्या दारात बोलावलं आणि झाडाकडे बघत म्हणालो, “उपासक, हे जाणून घ्या.”

ते म्हणाले, “जाणलं, भंते. काय आहे?”

“आमच्याकडे याची आमटी करतात.”

“असं?”

“अशा दानाला लोक पौर्णिमेचा दिवस बघतात.”

माणूस मोठा हुशार. तोंडभर हसला आणि पौर्णिमेसाठी आकडी शोधून ठेवायला गेला. स्वयंपाकाची कृतीही मी त्यांना प्रवचनातून सांगितली. अनित्यतेचं उदाहरण म्हणून पाण्याची उकळी घेतली, तृष्णेचं म्हणून मिरची. साखर घालायची नाही, हे मात्र सरळ सांगितलं.

१७ ला पौर्णिमा. सगळ्या चौदा भिक्षूंच्या पात्रात आपल्या आईच्या घरची आमटी पडेल. थोरले भंते स्वतः खातील. पाला मी डोळ्यांनी नीट पारखलाय, शेंडा पोपटी, पान गुळगुळीत. मीही त्याच आईचा मुलगा आहे, ताई, हे तू विसरतेस.

सीथोन


बान खाम
१८ मार्च

सीथोन,

पान मुठीत कोणी मोडलं? तुला मोडायची बंदी. तो बँकॉकचा माणूस, त्याला कोथिंबीर आणि गवत कळत नसेल. मग मोडलं कोणी?

पत्र आईला वाचून दाखवलं तर ती हसली नाही. एवढंच म्हणाली, पौर्णिमा काल झाली. उलट टपाली लिही.

बुन्होम


अरण्यविहार
२४ मार्च

ताई,

कोणी मोडलं नव्हतं.

हिरवं असताना मला हात लावता येईना. तोडल्यावर ते सोम्फोपच्या टोपलीत गेलं, आणि कोणी हातात दिल्याशिवाय भिक्षूने अन्नाला शिवायचं नाही. हातात दिलं तेव्हा ते शिजलेलं होतं. शिजल्यावर सगळे पाले सारखेच मऊ. नंतर गावकऱ्यांनी पानं मोडून पाहिली, माझ्या कुटीसमोर दोन झाडं खरी आहेत आणि दोन जुळी. मी डोळ्याने पारखली ती कुठली, ते तुला कळलंच असेल.

नऊला जेवलो. सगळ्यांनी तारीफ केली. दहाला पौर्णिमेचं प्रवचन, लांबून लांबून माणसं आलेली, पहिल्या रांगेत जिल्ह्याचे मोठे अधिकारी सहकुटुंब. थोरले भंते पंचशील देऊ लागले. चार शीलं नीट पार पडली. पाचवं, झिंग आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. ‘दूर’ म्हणताना त्यांनी खांबाला मिठी मारली. लोकांना वाटलं समजावून सांगताहेत. मग ते खांबाला म्हणाले, “हलू नकोस.”

भंते खाम्पाय यांनी पाण्याच्या रांजणाला तीनदा वंदन केलं, कारण त्यात त्यांना त्यांचे दिवंगत गुरू दिसले. दोघं एकमेकांच्या चिवरावर ओकले आणि एकमेकांची क्षमा मागत बसले. मी बुद्धमूर्तीच्या पायाशी बसून फडात शिकलेलं एक गाणं म्हणत होतो. अधिकाऱ्यांच्या बाईंनी मुलींना घेऊन बाहेर जाणं पसंत केलं म्हणतात, म्हणजे कुठलं गाणं ते मला साधारण कळलं.

इथवर हसायला ठीक आहे. सोम्फोप साहेबांनी आमच्यानंतर उरलेली दोन वाडगे आमटी खाल्ली. आपल्याकडचं पहिलंच काहीतरी त्यांना आवडलं होतं. ते जिन्यात पडले. त्यांना मालट्रकमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस डोळे उघडले नाहीत. ताई, मी त्यांच्या खाटेशेजारी बसलो होतो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा खरी भीती वाटली. माणूस माझ्या जिभेपायी मरायला टेकला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “भंते, आंबवलेला मासा कमी पडला का?” मी बाहेर जाऊन रडलो.

विहाराने अजून काही ठरवलेलं नाही. थोरले भंते बोलत नाहीत, अजून उठताना भिंत धरतात. ते काढून टाकतील त्याआधी मीच चीवर उतरवतो. नव्या वर्षाला विजार घालून घरी येईन. सरपंच जिंकले. आईला हळू सांग.

सीथोन


बान खाम
२९ मार्च

सीथोन,

आईला हळू सांगायचं ठरवलं होतं, पण खांबाला मिठी मारल्यापर्यंत आले आणि मलाच हसू आवरेना. मग सगळं वाचलं. ती सोम्फोपपर्यंत ऐकत राहिली, तिथे तिने डोळे मिटले.

मग म्हणाली, “चूक पोराची नाही. ज्याला मूठ आवळायची बंदी, त्याने पाला ओळखायचा कसा? चूक माझी. मी त्याला विसाव्या वर्षीच भंते केला असता, तर तोंडाची चव एव्हाना मेली असती.”

आणि मग म्हणाली, “त्या चौदा जणांना मी खरा पाला खाऊ घालते. माझ्या घरचं नाव त्यांच्या पोटात असं राहायला नको.”

मी म्हटलं, अगं आई, दोन बस आणि एक ट्रक, डोंगर चढायचा. ती म्हणाली, सत्तावीस वर्षं काठ धरायला थांबले, तो सुटत असताना घरी बसू? ८ तारखेला अष्टमी आहे, त्या दिवशी पोचतो. तोवर चीवर उतरवलंस तर तुला तिथेच झोडपीन. चीवर नसेल तर मला बंदी नाही.

थोरल्या भंतेंना तेवढं कळव. आमच्याकडून नमस्कारही सांग, आणि त्यात हसण्याचा आवाज येऊ देऊ नकोस.

बुन्होम


अरण्यविहार
९ एप्रिल

ताई,

काल तुझ्याशी चार शब्द बोलायला मिळाले नाहीत. बायकांशी एकटं बोलायचं नाही, आणि दोनचा ट्रक थांबेना. तू सबंध वेळ स्वयंपाकघराच्या मागे होतीस. तुला न दिसलेलं लिहितो, आणि मग एक विचारतो. खरं उत्तर दे.

सकाळी आई माझ्या कुटीसमोरच्या झाडांखाली चटईवर बसली. सोम्फोप साहेब आकडीने फांद्या वाकवत होते. बिचारे पानाकडे सापाकडे बघावं तसे बघत होते. एकेक फांदी ते आईसमोर धरत. आई उजव्या हाताने पान घेई, मान डोलावी, म्हणे, “खरा.” मी दहा हातांवर उभा होतो, जवळ जायला नको म्हणून. आणि मी पाहिलं की तिची बोटं मिटत नाहीत. पान तळहातावर नुसतं पडून राहतंय. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, समोर बघत होती. प्रत्येक फांदीला “खरा.” एकही खोटी निघाली नाही. त्या झाडांत निम्मी जुळी आहेत, ताई, आणि फांद्या अशा गुंतलेल्या की कुठली कोणाची ते खालून कळत नाही.

नऊला पंगत बसली. थोरले भंते पहिले, मी चौदावा, शेवटचा. आमटी पात्रात पडली. वास तोच, आपल्या घरचा. आई समोर खाली बसली. हात जोडायला तिने डाव्या हाताने उजवा उचलून घेतला. थोरल्या भंतेंनी पात्रात पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवला. ते सुरू केल्याशिवाय बाकीच्यांनी सुरू करायचं नाही. तेराही जणांनी हात मांडीवर ठेवले. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ज्या घरचं अन्न भिक्षूंनी टाकलं, त्या घराला आपल्या गावात काय म्हणतात ते तुला सांगायला नको.

मी बोललो असतो तर आईची मूठ सगळ्यांपुढे उघडी पडली असती. गप्प बसलो असतो आणि त्यांनी दया येऊन खाल्लं असतं, तर पुन्हा तेच, आणि या वेळी नाव तिचं.

मी पात्र उचललं आणि खायला लागलो. सगळ्यात शेवटचा, सगळ्यांच्या आधी. भंते खाम्पाय “अहो, अहो” म्हणाले. मी पात्र पुसून काढलं, ताई. चव काय होती ते विचारू नकोस, कळली नाही. सोम्फोप दोन दिवस डोळे मिटून पडलेले होते, तेच डोळ्यांपुढे होतं.

थोरले भंते म्हणाले, “वाट पाहू.”

नऊपासून साडेअकरापर्यंत तेरा भिक्षू आणि आई माझ्याकडे बघत बसले. बाराच्या आत जेवले नाहीत तर सगळे उपाशी. दहाला भंतेंनी मला उभं राहून सरळ चालायला लावलं. साडेदहाला भिक्षूचे दोनशे सत्तावीस नियम म्हणायला लावले. साठाव्याला अडकलो. सगळे पुढे सरकले. मी म्हणालो, “भंते, हे शुद्धीतही येत नाहीत.” म्हाताऱ्याच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. साडेअकराला ते म्हणाले, “अर्धा तास उरलाय. जेवा.” आणि थंड झालेली आमटी सगळ्यांनी अशी ओरपली की त्या अर्ध्या तासात कोणी मान वर केली नाही. आई नुसती बघत होती.

क्रम मोडल्याबद्दल मला महिनाभर चारशे पायऱ्या झाडायची शिक्षा आहे. काढून टाकत नाहीत. राहायचं की जायचं ते तू ठरव, असं भंते म्हणाले. सोम्फोपनी त्यांची एक विजार देऊ केलीये, ती माझ्या कुटीत घडी करून ठेवलीये.

आता विचारतो. आईच्या हाताला काय झालंय?

सीथोन


बान खाम
१७ एप्रिल

सीथोन,

तू गेल्यावर नवव्या दिवशी ती न्हाणीत पडली. तोंड दोन दिवस वाकडं होतं, ते सरळ झालं. हात राहिला. बोटांना गरम कळत नाही, गार कळत नाही. मी लगेच लिहायला बसले होते, तिने लेखणी काढून घेतली. म्हणाली, त्याला चीवर सोडायला निमित्तच हवंय, ते माझ्या हाताचं नको. म्हणून ‘आई बरी आहे’ लिहीत गेले. ओट्यावर बसते हे खोटं नव्हतं.

डाव्या हाताने मोड म्हटलं तर ऐकत नाही. भिक्षूंच्या अन्नाला डावा हात लावायचा नाही म्हणते. तिथे झाडाखाली तोच हट्ट. मला माहीत होतं की तिला काही कळणार नाही. म्हणून तर मी मागे बसले होते, गाढवा. टोपली आली की एकेक पान मुठीत घेऊन मोडत होते. दोन टोपल्या, एकही पान सोडलं नाही. बाकी नशिबाने खऱ्या झाडांच्याच होत्या, एक अख्खी फांदी निघाली जुळ्याची. ती चुलीत घातली. तुझ्या पात्रात पडलं ते सगळं खरं होतं. तू चवसुद्धा न घेता गिळलंस, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. एवढी चांगली आमटी.

आईला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. खाली येताना ट्रकमध्ये मी गप्प होते. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, “एका फांदीला आवाज झाला नाही. ती कुठे टाकलीस?”

मी बसले होते त्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच ती झाडं. हात गेलाय तिचा, कान शाबूत आहेत. मी मोडलेलं पान न् पान ती मोजत बसली होती.

म्हटलं, “चुलीत.”

“बरं केलंस.”

“मग तू पंगतीत गप्प का बसलीस? सांगायचं तरी, की पाला निवडलाय.”

“सांगणारच होते. तेवढ्यात त्याने पात्र उचललं.” तिने डाव्या हाताने उजवा मांडीवर नीट ठेवला. “तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं, बुन्होम. त्याने विष समजून खाल्लं.”

मला रडू आलं. ती मात्र रडली नाही. उलट अशी बसली होती की ट्रकमधल्या माणसांनी तिला जागा करून दिली.

घरी आल्यावर म्हणाली, “त्याला लिही. चिवराचा काठ राहू दे. मला मिळायचं ते मिळालं. आता विजार घालून आला तरी मी दारात उभी राहीन.” अक्षर न् अक्षर लिहिलंय, माझं काही घातलेलं नाही.

मी एकटीने तिला न्हाऊ-माखू घालते, उचलून ओट्यावर बसवते. दमते. हे ती सांगत नाही, मी सांगते. बाकी तुझं तू ठरव.

बुन्होम


अरण्यविहार
२ मे

ताई,

पायऱ्या झाडताना तुझं पत्र हातात पडलं. दोनशेव्या पायरीवर बसून वाचलं. वरच्या दोनशे त्या दिवशी राहिल्या.

विजार सोम्फोप साहेबांना परत केली. त्यांना जरा बरं वाटलं, एकच चांगली होती. मी थोरल्या भंतेंना सगळं सांगितलं, आईचा हात, तुझी चूल, सगळं. ते म्हणाले, भिक्षूने स्वतःच्या भिक्षेतून आईबापांना भरवलं तर दोष नाही, बुद्धांनीच तशी मोकळीक दिलीये. मग स्वतःहून म्हणाले, वर्षावास कुठेही केला तरी वर्षावासच असतो.

जुलै लागायच्या आधी मी आपल्या गावच्या विहारात येतोय. रोज सकाळी पात्र घेऊन आपल्या ओट्यासमोर उभा राहीन. विहारात जेवून उरलेलं घेऊन दुपारी येईन आणि तिला भरवायला बसेन, तेवढा वेळ तू पाठ टेक.

आईला सांग, सकाळी चिकट भाताचा मुटका तिनेच घालायचा, दुसऱ्या कोणी नाही. डाव्या हाताने घाल म्हणावं. दोनशे सत्तावीस नियम मी आता पाठ केलेत. डाव्या हाताबद्दल त्यात एक अक्षर नाही.

सीथोन